उन्हाचा ताप की पंपाचा?

अकोल्यात आणि अमरावतीत लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या मंडळींचा हंगाम म्हणजे एप्रिल आणि मे. दिवसा मांडवात शूटिंग, रात्री दुकानात मिक्सिंग, आणि मग पहाटेपर्यंत चालणारं रेंडर. कॉम्प्युटरवर वर्षातलं सगळ्यांत जड काम पडतं ते वर्षातल्या सगळ्यांत तापलेल्या दिवसांत. अशाच एखाद्या रात्री रेंडर अर्ध्यावर आलेलं असताना मशीन मंदावतं, पंखे घोंघावू लागतात आणि स्क्रीन एकदम काळी होते. सकाळी कुणालाही सांगितलं तरी उत्तर ठरलेलं असतं: "ऊनच एवढं आहे भाऊ, पीसी तपून राह्यला त्यात काय नवल!"

ऊन खोटं नाही. २०२४च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनानं उष्णतेमुळे ३१ मेपर्यंत कलम १४४ लागू केलं होतं. अशा गावात मशीन तापलं की संशय उन्हावर जाणारच. पण या एका उत्तराखाली लिक्विड कूलरचे बिघडलेले पंप महिनोन् महिने लपून राहतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. कुणी थर्मल पेस्ट बदलतं, कुणी विंडोज नव्यानं टाकतं, कुणी मदरबोर्ड गेला म्हणून नवा घेतं. आणि प्रोसेसरच्या डोक्यावर बसलेला बचकेएवढा पंप बंदच असतो. उन्हामुळे वाढणारं तापमान आणि पंप थांबल्यामुळे वाढणारं तापमान यांची चाल वेगळी असते. ती एकदा ओळखता आली, तर निदान दहा मिनिटांचं काम आहे.

आधी एका शब्दाचा गोंधळ दूर करू. वऱ्हाडात 'कूलर' म्हटलं की डोळ्यांसमोर खिडकीत बसवलेला पत्र्याचा डबा येतो. त्यात टाकीतलं पाणी मोटर वर चढवते, ते वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांवरून झिरपतं, आणि पंख्याच्या ओढीनं आत येणारी कोरडी हवा गार होते. तिथे गारवा येतो तो पाण्याच्या वाफेमुळे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता खर्च होते; तेच पाणी नुसतं एक अंशानं तापायला सव्वाचार किलोज्यूल पुरतात. म्हणून बाहेर ४२ अंश असताना घरातला कूलर खोलीत तिशीच्या आसपासची हवा देऊ शकतो.

कॉम्प्युटरमधल्या लिक्विड कूलरमध्ये वाफ होत नाही. ते बंद चक्र आहे. प्रोसेसरवर तांब्याची प्लेट असते, तिच्या आतल्या अंगाला केसासारख्या बारीक खाचा असतात. त्यांच्यावरून पाणी आणि ग्लायकॉल यांचं मिश्रण वाहतं, उष्णता उचलतं, रबरी नळीतून रेडिएटरमध्ये जातं, तिथे पंखे ती उष्णता हवेत सोडतात, आणि तेच पाणी परत येतं. त्यामुळे हा कूलर खोलीच्या हवेपेक्षा एक अंशही खाली जाऊ शकत नाही. खोली ४० अंशांवर असेल तर त्याच्यासाठी शून्याची रेघच ४० वर आहे. सगळं चक्र फिरतं ठेवणारा पंप बहुतेक वेळा तांब्याच्या प्लेटवरच, प्लॅस्टिकच्या डबीत असतो. १२ व्होल्टवर चालणारी लहानशी मोटर, चुंबकावर फिरणारं चाक, आणि वंगण म्हणून आतलंच पाणी. पाणी कमी झालं की वंगणही गेलं. वरूड-मोर्शीच्या संत्राबागांत बोअरचं पाणी उतरल्यावर कोरडी चालून जळालेली मोटर ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यापुढचं सांगायला नको.

आता चालीकडे येऊ. उन्हाळा प्रोसेसरला किती तापवतो, याचा हिशोब अगदी साधा आहे. समजा जानेवारीच्या रात्री खोलीत २० अंश आहेत आणि तुमच्या नेहमीच्या रेंडरला प्रोसेसर ६५ अंशांवर जातो. म्हणजे खोलीपेक्षा ४५ अंश जास्त. हा ४५ चा फरक कूलरची ताकद सांगतो, आणि काम तेच, पंख्यांचा वेग तोच असेल तर ऋतू बदलल्यानं तो फारसा बदलत नाही. दोन-चार अंश इकडेतिकडे. मे महिन्यात खोली ३८ वर गेली तर प्रोसेसर ८३ वर जाईल. हा आकडा जास्त आहे, पण सुरक्षित आहे. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांची, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५ ची आहे. मात्र त्याच कामाला, त्याच खोलीत प्रोसेसर १०० ला टेकून मंदावत असेल, तर वरचे १७ अंश उन्हाच्या नावावर मांडता येणार नाहीत. ते कूलरच्या खात्यात जातात.

(रायझन ७००० वाल्यांनी एक ध्यानात ठेवावं. ही मालिका जड कामाला मुद्दामच ९५ पर्यंत जाते, तशीच ती बनवलेली आहे. तिथे नुसतं तापमान पाहून काही कळत नाही. प्रोसेसरचा वेग आणि त्याला मिळणारे वॅट पूर्वीपेक्षा घसरले आहेत का ते पाहावं लागतं.)

फरक वाढला आहे हे कळलं, तरी दोष कूलरच्या कोणत्या भागात आहे ते अजून कळलेलं नाही. त्यासाठी तापमान किती चढलं यापेक्षा ते किती वेगानं चढलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे किती वेगानं उतरलं, हे पाहायचं. एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्पसारखा फुकट मिळणारा प्रोग्राम उघडा, पाच मिनिटं जड काम द्या, मग काम एकदम थांबवा आणि आकड्यावर नजर ठेवा.

पंप बंद असेल तर प्लेट आणि पंप यांच्या ठोकळ्यात फक्त घोटभर पाणी अडकून पडलेलं असतं. १५ मिलिलिटर पाणी आणि १०० ग्रॅम तांबं धरलं, तर ते दोन्ही मिळून एक अंशानं तापायला १०० ज्यूल पुरतात. प्रोसेसरनं १०० वॅट सोडले की दर सेकंदाला एक अंश चढतो. म्हणजे मिनिटभरात चाळिशीवरून शंभरी. काम थांबवलं, तरी ते तापलेलं पाणी जागचं हलत नाही. त्यामुळे आकडा रेंगाळत, कुरकुरत खाली येतो. काम दिलंच नाही, नुसतं बायोसच्या पानावर मशीन सोडून दिलं, तरी दर मिनिटाला तापमान थोडं थोडं वर सरकतच राहतं. तब्येत ठीक असलेलं मशीन तिथे दोन-तीन मिनिटांत एका आकड्यावर स्थिरावतं.

थर्मल पेस्ट वाळली असेल, किंवा ठोकळ्याचा एखादा स्क्रू सैल असेल, तर चढ याहूनही झटपट होतो, अगदी डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात. पण उतारही तसाच झटपट. काम थांबलं की पुढच्याच क्षणी आकडा धपकन खाली येतो. कारण पाणी गारच होतं, उष्णता त्याच्यापर्यंत पोचत नव्हती एवढंच.

तिसरा प्रकार रेडिएटर कोंदल्याचा. इथे पाणी फिरतं, उष्णता उचलतं, पण ती टाकायला वाट मिळत नाही. चक्रात १५० मिलिलिटर पाणी धरलं, तर ते सगळं तापायला वेळ लागतो. त्यामुळे तापमान दहा-पंधरा मिनिटं हळूहळू चढत राहतं, आणि काम थांबल्यावर उतरतंही तितक्याच संथपणे. दोन्ही नळ्या आणि रेडिएटर सारखेच तापलेले लागतात. आपल्या भागात हा दोष फार आढळतो. जिनिंगच्या हंगामात कापसाची बारीक रुई हवेत असते आणि ती रेडिएटरच्या पातळ पापुद्र्यांत नमद्यासारखी बसते. पंखे काढून आतल्या बाजूला बोट फिरवलं तर राखाडी थर निघतो. मऊ ब्रश आणि ब्लोअर यांनी हे घरी साफ होतं. दरवर्षी फेब्रुवारीत ते करावंच.

तीन दोष, तीन चाली. यांतली पंपाची चाल दिसली की पुढे हात लावून खात्री करायची. इथे एक चुकीची समजूत पसरलेली आहे. अनेक जण सांगतात की एक नळी गरम आणि दुसरी थंड लागली म्हणजे कूलर छान चालू आहे. खरी गोष्ट उलटी आहे. मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल आणि प्रोसेसर २०० वॅट देत असेल, तर जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्यात जेमतेम तीन अंशांचा फरक पडतो. वेग अर्धा लिटर असेल तर सहा. तीन अंश हाताला कळत नाहीत. म्हणून धडधाकट कूलरच्या दोन्ही नळ्या बोटांना जवळजवळ सारख्याच कोमट लागतात. एक चटका देते आणि दुसरी गार आहे, याचा अर्थ पाणी रखडत चाललं आहे. प्रोसेसर ९५ वर असताना दोन्ही नळ्या गार, रेडिएटर गार आणि त्याच्या पंख्यातून येणारी हवा खोलीइतकीच, तर पाणी फिरतच नाही. घरच्या कूलरचा पंखा जोरात चालू आहे, पण ताट्या कोरड्या आणि अंगावर लू येते, तशीच ही स्थिती. तिथे आपण पंख्याला दोष देत नाही. झाकण उघडून आधी मोटर बघतो. इथेही तेच करायचं.

मोटर बघायची म्हणजे फेरे बघायचे. बायोसमध्ये 'सीपीयू फॅन', 'एआयओ पंप' किंवा 'पंप' या नावाखाली मिनिटाला किती फेरे ते दिसतं. बहुतेक पंप दोन ते तीन हजारांच्या आसपास फिरतात, काही त्याहून बरेच जास्त. तुमच्या मॉडेलचा आकडा पुस्तिकेत असतो. शून्य दिसलं म्हणून लगेच पंप मेला असं समजू नका. काही पंपांची वीज साटा प्लगमधून येते, आणि मदरबोर्डकडे जाणारी तार फक्त फेरे कळवते. तो साटा प्लग सैल असणं हे मी पाहिलेलं सर्वांत स्वस्त निदान. मशीन बंद करून प्लग काढा, नीट दाबून बसवा, पुन्हा पाहा. दुसरी चूक सेटिंगची. पंप ज्या जागी जोडला आहे तिथे मदरबोर्ड त्याला साधा पंखा समजतो आणि काम कमी असलं की वेग कमी करतो. काही पंप तेवढ्या कमी व्होल्टवर सुरूच होत नाहीत. बायोसमध्ये त्या जागेला पूर्ण वेग ठरवून द्यावा. पंप अखंड एका वेगानं चालणं हेच त्याच्या प्रकृतीला मानवतं. चालू करताना 'सीपीयू फॅन एरर' असा संदेश येत असेल, तर तो बायोसमधून बंद करून टाकू नका. बरेच जण कटकट नको म्हणून नेमकं तेच करतात, आणि पंप देत असलेली शेवटची सूचना मिटवून बसतात.

सगळ्यांत फसवा प्रकार पुढे आहे. फेरे बरोबर दिसतात, आवाज येतो, तरी प्रोसेसर तापतो. शेतकऱ्याला हे समजावण्याची गरज नाही. मोटर फिरते पण पाणी उचलत नाही, म्हणजे पंपानं हवा धरली. रबरी नळ्यांच्या भिंतींतून पाणी अतिशय मंद गतीनं बाहेर निसटत असतं; गळती दिसत नाही, थेंब पडत नाही, पण तीन-चार वर्षांत आत हवेचा बुडबुडा तयार होतो. जितकी उष्णता जास्त, तितका हा वेग जास्त. म्हणून ऊन पंपाला एका रात्रीत मारत नसलं, तरी वर्षानुवर्षं त्याचं आयुष्य खात असतं. बरेच उत्पादक आतलं पाणी ६० अंशांच्या वर जाऊ देऊ नका असं सांगतात. पुण्यातल्या खोलीत ती मर्यादा लांब असते, अकोल्यात दुपारी ती बरीच जवळ येते.

हवा नेहमी चक्रातल्या सर्वांत उंच जागी जाऊन बसते. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला असेल तर बुडबुडा तिथेच राहतो, काही बिघडत नाही. रेडिएटर तळाला बसवला असेल तर सर्वांत उंच जागा पंपाची, आणि हवा थेट त्याच्यात. अशा वेळी गुडगुड आवाज येतो. मशीन हलवल्यावर मिनिटभर गुडगुड झाली तर चालतं. रोज होत असेल तर पाणी कमी झालं आहे. मशीन बंद करून, रेडिएटर वर राहील असं कॅबिनेट हळू कलतं करा आणि पुन्हा सुरू करून पाहा. आवाज गेला आणि तापमान खाली आलं, तर दोष बसवण्यात होता. रेडिएटरची जागा बदला.

कर्रकर्र असा घासल्याचा आवाज मात्र वेगळा. तो झिजलेल्या बेअरिंगचा. मोटर रिवाइंडिंगवाले करतात तसं करा: लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ठोकळ्यावर टेकवा आणि मूठ कानाच्या हाडाला लावा. काम काही नसताना रेडिएटरचे पंखे दहा-पंधरा सेकंद बंद ठेवले तर पंपाचा एकट्याचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. निरोगी पंप एकसुरी गुणगुणतो. काहीच ऐकू आलं नाही, बोटाला कंपही लागला नाही, तर तो थांबला आहे. अडकलेला पंप हलकी टिचकी मारल्यावर कधी सुरू होतो. तेवढ्या वेळात कामाची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि नवा कूलर मागवा. टिचकीवर चालणारा पंप पुढच्या रेंडरच्या मध्यावर थांबणार.

हवा नाही, बेअरिंग ठीक, फेरे पूर्ण, तरी एक नळी चटका देते आणि दुसरी गार, अशी खूण असेल तर तांब्याच्या खाचा बुजल्या आहेत. नळ्यांतून सुटलेला कचरा आणि धातूंचा गंज तिथे साचतो. आणि इथे वऱ्हाडातल्या माणसाला कळकळीनं सांगावंसं वाटतं. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे. दर्यापूर-अकोटकडे घरच्या कूलरच्या ताट्यांवर एका उन्हाळ्यात पांढरे क्षार कसे चढतात, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. कॉम्प्युटरचा कूलर उघडून त्यात बोअरचं किंवा नळाचं पाणी भरणं म्हणजे केसाएवढ्या खाचांवर तोच थर चढवणं. वर आतली प्लेट तांब्याची आणि रेडिएटर बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमचा. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट पाणी अशी जोडी जमली की अ‍ॅल्युमिनियम झपाट्यानं खाल्लं जातं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर क्षार आणत नाही, पण गंज रोखणारी मूळ रसायनं त्यात नसतात, म्हणून तोही कायमचा उपाय नव्हे. शिवाय सीलबंद कूलर उघडला की वॉरंटी संपते. आधी बिल शोधा. अशा कूलरांना अनेकदा तीन ते सहा वर्षांची वॉरंटी असते आणि पंप त्यात येतो. याच खाऱ्या पाण्याच्या कारणानं घरचा कूलर थेट कॅबिनेटच्या तोंडावर वारा मारेल असा ठेवू नये. त्याच्या तुषारांबरोबर क्षार आत जातात.

या सगळ्या तर्काची गरज पडते, कारण घरच्या मशीनमध्ये पाण्याचा प्रवाह मोजणारं काहीच नसतं. फेरे कळतात, प्रवाह कळत नाही. २०१९ मध्ये पुण्याच्या आयसरमध्ये राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनखाली सी-डॅकनं उभारलेला परम ब्रह्म सुरू झाला. सुरुवातीला ७९७ टेराफ्लॉप क्षमता असलेलं हे यंत्रही पाण्यानंच थंड होतं. तत्त्व तुमच्या दुकानातल्या मशीनचंच. मात्र मोठ्या केंद्रांत पाण्याचा प्रवाह आणि दाब यांवर मीटर असतात, रात्रंदिवस पाहणारी माणसं असतात. मिक्सिंगच्या दुकानात हे काम हाताच्या बोटांनी, कानानं आणि एका आलेखानं करावं लागतं, आणि ते नीट करता येतं.

नवा कूलर घेताना काय घ्यावं, असं मला विचारलं तर माझं मत स्पष्ट आहे. ज्याचं पोट रात्रीच्या रेंडरवर आहे आणि ज्याचा प्रोसेसर मध्यम आहे, त्यानं अकोला-अमरावतीत चांगला मोठा हवेचा टॉवर कूलर घ्यावा. त्यात बिघडण्यासारखी एकच गोष्ट असते, पंखा. तो थांबला की डोळ्यांना दिसतं, आणि नवा त्याच दिवशी गावात मिळतो. फारच ताकदवान प्रोसेसर असेल तर लिक्विड कूलर जरूर घ्यावा, रेडिएटर छताला लावावा, आणि पाचव्या वर्षापुढे पंपावर विसंबू नये.

आणि आज एक काम करा. भिंतीवरच्या थर्मामीटरवर खोलीचं तापमान पाहा, पंख्यांचा वेग एका जागी ठेवा, नेहमीचं रेंडर वीस मिनिटं चालवा, प्रोसेसरचा आकडा घ्या आणि दोघांतला फरक तारखेसकट मार्करनं कॅबिनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. मे महिन्यात मशीन तापलं की झाकण उघडून आधी तो आकडा वाचा.